किडनी विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट तयार करायचे आहेत, वर्षभरात काय आणि कसं शिकवावं?

अबोली_डिचोली

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देणाऱ्याला अंदाज येणार नाही.

मी बी.एस्सी. नर्सिंग, १७ वर्षं डायलिसिसमध्ये, त्यातली शेवटची ६ वर्षं सिस्टर इन्चार्ज. मूळची डिचोलीची, नोकरी दक्षिण गोव्यातल्या एका खाजगी इस्पितळात. १४ मशीन, तीन पाळ्या, आणि किडनीचे डॉक्टर एकच. ओपीडी, वॉर्ड, आयसीयू सगळं सरांकडेच. डायलिसिसवरच्या रुग्णाजवळ पाच मिनिटं निवांत बसायचं म्हटलं तरी त्यांना जमत नाही, आणि यात त्यांचा काही दोष नाही. आमच्याकडे काणकोणहून येणारे बरेच. तिथल्या किडनीच्या दुखण्याबद्दल गोव्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. साखर नाही, प्रेशर नाही, आणि माणूस पहिल्यांदा डॉक्टरकडे जातो तेव्हाच क्रिएटिनिन (किडनी किती बिघडली ते सांगणारा रक्तातला आकडा) सात-आठ.

म्हणून सरांच्या हाताखाली त्यांची काही कामं सांभाळायला जूनमध्ये दोघांना घेतलं. एका मुलीने इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स केलाय. बी.एस्सी. नर्सिंगनंतरची दोन वर्षांची रेसिडेन्सी, बहुतेक वेळ आयसीयूत. दुसरा मुलगा फिजिशियन असिस्टंट, बारावीनंतर चार वर्षांचा बी.एस्सी., त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. दोघंही मनापासून काम करतात. सर मला म्हणाले, "सिस्टर, वर्षभरात यांना किडनीसाठी तयार करा. पुढच्या जूनपासून प्रत्येक पाळीत रुग्णांचा आढावा ही दोघं घेतील, आणि आठवड्यातून एक दिवस डायलिसिसच्या आधीच्या टप्प्यातल्या रुग्णांची ओपीडीसुद्धा."

मी हो म्हटलं. त्यानंतर चवथ (गणपती) झाली आणि पुढच्याच आठवड्यात जे घडलं, त्यामुळे हा प्रश्न विचारतेय.

सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या पाळीतला एक रुग्ण, वय ५२, सोमवारी सकाळी काणकोणहून आला. करमल घाट ओलांडून दीड तासाचा प्रवास करून आलेला माणूस, पण थकल्यासारखा नाही, बेचैन. म्हणाला, "सिस्टर, कालच्यान उचकी रावना." फिजिशियन असिस्टंटने अगदी व्यवस्थित माहिती घेतली. ताप, श्वास, औषधं, वजन किती वाढलं, शेवटची दोन डायलिसिस पूर्ण झाली होती का, सगळं लिहिलं. मुलीने तपासलं, ईसीजी काढला, पोटॅशियम पाठवलं. दोघांनी मिळून ठरवलं की पोटात गॅस असेल किंवा युरिया वाढला असेल. सरांना फोन करून उचकीचं औषध विचारलं. तासाभरात तो माणूस असंबद्ध बोलायला लागला.

तेवढ्यात आमची अटेंडंट मावशी बाहेरून आली. त्याच्या बायकोशी बोलताना तिला कळलं होतं की रविवारी घरी भाटातली (बागेतली) करमलं, म्हणजे स्टारफ्रूट, आली होती, मीठ-मिरची लावून दोन-तीन खाल्ली. मावशी मला फक्त एवढंच म्हणाली, "सिस्टर, करमलां खाल्ल्यांत." माझ्या पोटात धस्स झालं. धडधाकट माणसाला थोडं करमल सहसा काही करत नाही, पण किडनी काम करत नसेल तर त्यातलं विष रक्तात साठून मेंदूपर्यंत जातं. आधी उचकी, मग भ्रम, मग झटके. सरांना पुन्हा फोन केला. त्यांनी डायलिसिसची वेळ वाढवली, दुसऱ्या दिवशी परत लावलं, तिसऱ्या दिवशीही. माणूस वाचला. गुरुवारी संध्याकाळी त्याने माझं नाव घेऊन हाक मारली तेव्हा मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले.

त्या दोघांना मी एक शब्द बोलले नाही. त्यांना हे कुणी शिकवलंच नव्हतं, आणि तीन महिन्यांत मीही शिकवलं नव्हतं. मी त्यांना मशीन लावायला, फिस्टुलावर (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात तयार केलेली शीर) हात ठेवून थरथर ओळखायला, ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, ठरवायला शिकवत होते. कामं शिकवत होते. विचार कसा करायचा ते शिकवायचं राहून गेलं होतं.

तर मला हे हवंय. एका विशिष्ट विभागासाठी अशा दोघांना तयार करण्याचा अनुभव कुणाला आहे का? दोघांचा पाया वेगळा. एक आयसीयूतून आलेली नर्स, दुसरा नर्सिंग न केलेला. त्यांना एकत्र शिकवायचं की वेगळं? कोणतं काम कधी एकट्यावर सोडायचं? आणि ते सोडण्याइतके तयार झालेत हे ठरवायचं कुणी, मी की सरांनी?

---

म्हापसा_ते_न्यूजर्सी

अबोलीताई, तुमचं लिहिणं वाचून डोळे भरून आले. मी म्हापशाची, इथे न्यू जर्सीत नर्स प्रॅक्टिशनर आहे, गेली ११ वर्षं नेफ्रॉलॉजीत, म्हणजे किडनीच्याच विभागात. तुमचा प्रश्न मला माझ्या पहिल्या वर्षाकडे घेऊन गेला.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे त्या दोघांवरचा आणि स्वतःवरचा राग कमी होईल. अमेरिकेत हे दोन्ही व्यवसाय एकाच वर्षी, १९६५ साली सुरू झाले. कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला कार्यक्रम काढला. तिकडे ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड यांनी नौदलातल्या चार माजी वैद्यकीय सेवकांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा वर्ग सुरू केला. दोन्हीकडे गरज होती ती सर्वसाधारण उपचारांची. आजही फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण इथे साधारण २७ महिन्यांचं, आणि ते सगळ्या शाखांना थोडं थोडं शिवणारं. नर्स प्रॅक्टिशनर कुटुंबासाठी, मुलांसाठी किंवा गंभीर आजारी प्रौढांसाठी अशी वाट निवडते, पण "किडनी" अशी वाट शाळेत नाही. म्हणजे पदवी घेऊन आलेला माणूस विशेष शाखेत कोराच असतो. ही उणीव इथेही आहे. म्हणून काही मोठ्या इस्पितळांनी पदवीनंतर साधारण वर्षभराच्या फेलोशिप काढल्या. जिथे तशी नाही तिथे नोकरीवर शिकतात, आणि मग सगळं शिकवणाऱ्यावर अवलंबून.

माझं नशीब चांगलं होतं. माझ्या डॉक्टरांनी एक नियम घातला होता, तो मी आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला घालते. रुग्ण बघून झाल्यावर डॉक्टरांची नोंद वाचायच्या आधी स्वतःचं मत कागदावर लिहायचं. काय झालंय असं वाटतं, दुसरं काय असू शकतं, आणि मी काय करेन. सही आणि वेळ घालायची. मग डॉक्टरांचं उघडायचं. पहिले दोन महिने माझं निम्म्याहून जास्त वेळा चुकलं. पण चूक कागदावर असल्यामुळे ती नेमकी कुठे झाली ते दिसायचं. तोंडी विचारलं असतं तर "हो हो, मलाही तेच वाटलं होतं" म्हणून मी सुटले असते.

दुसरं, रुग्णसंख्या हळूहळू वाढवली. पहिला महिना मी एकाही रुग्णाचा निर्णय घेतला नाही. रोज एका रुग्णाशेजारी पूर्ण चार तास खुर्ची टाकून बसायचं, मशीन लावल्यापासून काढेपर्यंत. पेटके कधी येतात, प्रेशर कुठल्या तासाला पडतं, माणूस जांभई देतो ती झोपेने की प्रेशर घसरतंय म्हणून, हे त्या चार तासांत कळतं. नंतर सहा रुग्ण, मग बारा, मग पूर्ण पाळी. इथे डायलिसिसवरच्या रुग्णाला महिन्यात साधारण चार वेळा कुणीतरी बघतं. त्यातली एक भेट बहुधा डॉक्टरांची, बाकीच्या आमच्या. हा भार आठव्या महिन्यात माझ्यावर आला, त्याआधी नाही.

एकटं कधी सोडायचं, तर आमच्याकडे ते तारखेवर नव्हतं. फिजिशियन असिस्टंटसाठी इथे २०११ पासून नेफ्रॉलॉजीचं वाढीव पात्रतेचं प्रमाणपत्र आहे. त्याला परीक्षा आहेच, पण केवळ परीक्षेवर ते मिळत नाही. प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, आणि सोबत काम केलेल्या डॉक्टरने किंवा तशाच वरिष्ठाने लिहून द्यावं लागतं की याने ही ही कामं केलेली मी जाणतो. तुम्हाला तुमच्या विभागापुरतं तसं करायला कुणाची परवानगी नको. एक वही पुरे.

आणि करमलांची गोष्ट मी इथल्या मुलांना सांगणार आहे. इथे हे फळ आशियाई दुकानात मिळतं.

---

वास्कोची_सिस्टर

मी थोडं कडू बोलणार आहे, ताई, राग मानू नका. आमच्याकडेही असेच एक फिजिशियन असिस्टंट घेतले. दहा-बारा वर्षं त्याच वॉर्डात काढलेल्या आम्ही सिस्टर, आणि २३ वर्षांचा मुलगा येऊन आम्हाला ऑर्डर सांगायला लागला. पगार आमच्याहून जास्त. त्याने वाईट काही केलं नाही, पण त्याच्या येण्याबद्दल आम्हाला कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांत तो गेला. आज वाटतं, आम्हीही त्याला काही सांगितलं नाही. त्याला माहीत नसलेलं आम्हाला दिसायचं आणि आम्ही गप्प बसायचो. रुग्णाचं नुकसान झालं नाही हे देवाचे उपकार.

तुम्ही शिकवायला लागण्याआधी विभागातल्या सगळ्यांना बसवून सांगा की हे कोण, काय करणार, काय नाही करणार. मावशींनासुद्धा. तुमच्या गोष्टीत रुग्णाला वाचवलं ते मावशीने.

---

पेडणेकर_हृदयविभाग

मी फिजिशियन असिस्टंट आहे, पेडण्याचा, शिक्षण चेन्नईत. हृदयशस्त्रक्रियेत ९ वर्षं. भारतात हा अभ्यासक्रम सुरूच हृदयशस्त्रक्रियेच्या गरजेतून झाला. १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी तो आणला. म्हणजे अमेरिकेत सर्वसाधारण उपचारांसाठी निर्माण झालेला माणूस आपल्याकडे पहिल्या दिवसापासून विशेष शाखेत उभा होता. मी पायातली शीर काढायला शिकलो, टाके घालायला शिकलो, ऑपरेशननंतरच्या रात्री आयसीयूत उभं राहायला शिकलो. हात तयार झाले. पण माझ्या पहिल्या इस्पितळात मी काय करायचं आणि काय नाही, याचा एकही कागद नव्हता. ज्या दिवशी सर्जन खुश त्या दिवशी मला सगळं येत होतं, आणि काही बिघडलं की "तू कोणाला विचारून केलंस?" तो काळ मी विसरू शकत नाही. नाव घेत नाही.

म्हणून तुमच्या मुलासाठी कळकळीने सांगतो, लेखी स्थायी आदेश करून घ्या. भारतात तो किंवा ती मुलगी स्वतःच्या नावावर औषध लिहून देऊ शकत नाहीत. प्रिस्क्रिप्शन नोंदणीकृत डॉक्टरचंच. त्यामुळे "प्रेशर इतकं खाली गेलं तर फ्लुइड काढणं थांबवा, पाय वर करा, एवढं सलाइन द्या, तरीही नाही वाढलं तर मला फोन" असं सरांच्या सहीने लिहिलेलं हवं. फोन कधी करायचा हे त्यात सगळ्यात ठळक हवं. माझ्या आताच्या विभागात एक वाक्य सर्जननी स्वतः लिहून भिंतीवर लावलंय, की रात्री उठवल्याबद्दल इथे कुणालाही बोलणी बसणार नाहीत. त्या वाक्याने मला जेवढं शिकवलं तेवढं पुस्तकाने नाही, कारण मी विचारायला लागलो.

ओळख करून देण्याचंही शिकवा. आपल्याकडे गळ्यात स्टेथोस्कोप दिसला की लोक "दोतोर" म्हणतात. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पहिल्याच दिवसापासून त्या मुलाने म्हणायला हवं, "हांव दोतोर न्हय, दोतोरांवांगडा काम करतां." २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या केंद्रीय कायद्यात आमचा व्यवसाय फिजिशियन असोसिएट या नावाने आला आहे. मान मिळतोय. तो उसन्या नावाने घ्यायची गरज नाही.

एकत्र की वेगळं, तर माझ्या मते सुरुवातीचे तीन महिने वेगळं. त्या मुलाला आधी एका अनुभवी नर्सबरोबर महिनाभर साधी नर्सिंगची पाळी करू दे. मला ते कुणी दिलं नाही. उशी कशी सरकवायची, उलटी होणाऱ्याला कसं धरायचं, हे मी तिसऱ्या वर्षी शिकलो.

---

अबोली_डिचोली

तिघांचेही मनापासून आभार. वास्कोची सिस्टर, कडू अजिबात वाटलं नाही. आमच्याकडेही कुजबुज आहे, ती मी न ऐकल्यासारखं करत होते. आता बसवून बोलेन.

न्यू जर्सीच्या ताई, एक विचारायचंय. त्या मुलीला आयसीयूची इतकी सवय आहे की तिला सगळं आकड्यांत दिसतं. व्हेंटिलेटर, सततचं डायलिसिस, शॉक, सगळं उत्तम येतं. पण आमचा रुग्ण आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं येणारा. त्याचं प्रेशर ९० असलं तरी तो हसतखेळत असतो, आणि एखाद्याचं १३० असूनही मला कळतं की आज काहीतरी बिनसलंय. हे तिला कसं शिकवू?

---

म्हापसा_ते_न्यूजर्सी

ताई, तिला पाच रुग्ण कायमचे द्या. तिचे स्वतःचे, वर्षभर. त्यांच्या घरी कोण आहे, स्वयंपाक कोण करतं, कोणत्या बसने येतात, कामावर जातात का, फिस्टुला कुणी आणि कधी केला, मागची कॅथेटर (डायलिसिसची नळी) कुठे होती, सगळं तिने लिहायचं. दर महिन्याचं हिमोग्लोबिन, फॉस्फरस, अल्ब्युमिन, डायलिसिस पुरेसं होतंय का त्याचा केटी/व्ही, आणि त्या आकड्यामागे त्या महिन्यात घरात काय घडलं ते. केटी/व्ही १.२ च्या खाली आला तर आयसीयूतली नर्स मशीनकडे बघेल. तुमची नर्स विचारेल की हा माणूस दर वेळी अर्धा तास आधी मशीनवरून उठतोय का, कारण नाहीतर त्याची शेवटची बस चुकते.

दुसरं, किडनीच्या माणसाचं औषध. हे मात्र पुस्तक घेऊन, रोज एक. गॅबापेंटिन, सेफेपिम, असायक्लोव्हिर यांचा नेहमीचा डोस डायलिसिसवरच्या माणसाला गुंगीत किंवा भ्रमात टाकतो. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेलं डायक्लोफेनॅक उरलीसुरली लघवीही घालवतं. करमलाचं तुम्हाला माहीत होतं, हे औषधांचं करमल त्यांना माहीत हवं.

---

डॉ_सत्तरी

मी मेडिसिनचा डॉक्टर, सरकारी सेवेत २८ वर्षं, आता निवृत्त. वाळपई, साखळी, मग जिल्हा इस्पितळ. माझं मत पूर्वी या लोकांच्या विरोधात होतं, ते का बदललं ते सांगतो.

विरोधाचं कारण असं की डॉक्टर कमी म्हणून अर्धा डॉक्टर द्यायचा, आणि तो गरिबालाच द्यायचा, हे मला पटत नव्हतं. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आलं, डॉक्टर नसलेल्यांना मध्यम स्तरावर मर्यादित परवाना देण्याचं, तेव्हा मीही सहकाऱ्यांबरोबर विरोधात बोललो होतो. ते कलम प्राथमिक उपचारांपुरतं आहे, तुमच्या विभागाशी त्याचा संबंध नाही, पण भीती तीच.

मत बदलायला गोव्यातलाच एक प्रयोग कारण झाला. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगत संस्थेने इथल्या २४ प्राथमिक उपचार केंद्रांवर, निम्मी सरकारी आणि निम्मी खाजगी डॉक्टरांची, नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी साध्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून उभं केलं. शिक्षण दोन महिन्यांचं. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत ही सोय असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. खाजगीकडे मात्र फरक दिसला नाही. मी तो निबंध तीनदा वाचला. समुपदेशक एकटे सोडलेले नव्हते. मागे प्राथमिक केंद्राचा डॉक्टर होता, ठरावीक फेरीने येणारा मानसोपचारतज्ज्ञ होता, आणि कुणाला कधी वर पाठवायचं हे ठरलेलं होतं. माझ्या समजुतीने फळ आलं ते या बांधणीमुळे.

म्हणून सिस्टर, तुमचा शेवटचा प्रश्न, तयार झालेत हे ठरवायचं कुणी, तो सगळ्यात महत्त्वाचा. मी म्हणेन दोघांनी, आणि दोघांच्या सह्या. रुग्णाशी वागणं, धोका ओळखणं, वेळेवर हाक मारणं यावर तुमची सही. निदानाचा विचार आणि औषध यावर सरांची. तुमची सही नसेल तर सरांनी पुढे जाऊ नये. हे सरांकडून आधीच कबूल करून घ्या. डॉक्टर मंडळी घाईत असतात, मीही होतो.

सरांना हेही सांगा की आठवड्यातून एक तास त्यांचा लागेल. फोनवर नाही, समोर बसून. तो तास ते देणार नसतील तर ही दोघं तुम्हाला दोन मदतनीस म्हणून मिळतील, याहून जास्त काही नाही. त्या तासात चांगल्या गेलेल्या केसेस नकोत. "वाटलं एक, निघालं दुसरं" एवढ्याच घ्या.

पावसाळ्यासाठी एक सुचवतो. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. शेतात उतरलेला माणूस, ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल, आणि किडनी बंद पडायला लागलेली. आपण शिकवतो की किडनी बिघडली की पोटॅशियम वाढतं. लेप्टोमध्ये लघवी चालू असते आणि पोटॅशियम उलट कमीही निघतं. आकडा बघून "बरं आहे" म्हणणारा तिथे फसतो. तुमच्या मुलीला हे जूनच्या आधी शिकवा.

---

डायलिसिस_टेक_फोंडा

सगळ्यांनी रुग्णाचं लिहिलं, मी पाण्याचं लिहितो. एका डायलिसिसला साधारण १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताच्या शेजारून जातं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. कार्बन टाकी निकामी झाली आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन (जंतू मारायला घातलेलं क्लोरीनचं रसायन) पुढे गेलं तर रक्तपेशी फुटतात. प्रत्येक पाळीच्या आधी क्लोरीन तपासायचं, एकूण ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत. अशा मोठ्या पदवीची माणसं आरओ खोलीत, म्हणजे हे पाणी शुद्ध होतं तिथे, कधी येत नाहीत. तुमच्या दोघांना एक आठवडा तिथल्या टेक्निशियनच्या हाताखाली ठेवा. एकाच पाळीतल्या चार जणांना एकदम पोटात दुखलं, तर चौघांना वेगवेगळं निदान देण्याआधी त्यांना पाणी आठवलं पाहिजे.

---

अबोली_डिचोली

आज सरांशी बोलले. थोडी भीत होते, पण डॉक्टरसाहेबांचं उत्तर मी मोबाइलवर त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "एक तास द्यायला हवा हे खरं आहे. करमलाच्या दिवशी मी फोनवर औषध सांगून मोकळा झालो, काय खाल्लं ते मीही विचारलं नाही." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं पहिल्यांदाच ऐकलं.

गुरुवारी दुपारी दोन ते तीन ठरलं. दुसरी पाळी सुरू होऊन स्थिरावलेली असते तेव्हा. सगळ्या सिस्टर, टेक्निशियन आणि ज्यांना जमेल त्या मावशी, कुणीही येऊन बसू शकेल. पहिली केस करमलाचीच. ती दोघं स्वतः मांडणार आहेत. मी सांगितलं नाही, त्यांनीच मागितली.

वही केली आहे. डाव्या पानावर त्यांचं मत, वेळ आणि सही, उजव्या पानावर सरांचं. तिसऱ्या दिवशीच मुलीने डाव्या पानावर लिहिलं होतं की दम लागतोय तो फुप्फुसात पाणी साठल्यामुळे, वजन तीन किलो वाढलंय. उजवीकडे सरांनी लिहिलं, "वजन तीनच किलो, एरवी हा माणूस चार आणतो आणि दम लागत नाही. हिमोग्लोबिन बघ." हिमोग्लोबिन ६.८ निघालं. मूळव्याधीतून महिनाभर रक्त जात होतं, लाजेने कुणाला सांगितलं नव्हतं. तिने ते पान मला आणून दाखवलं, लपवलं नाही.

मुलगा कालपासून सिस्टरांबरोबर साधी पाळी करतोय. पहिल्या दिवशी अवघडला होता. आज एका आजींना पेटके आले तेव्हा पोटरी धरून बसला होता, आजी त्याला शिव्या देत होत्या आणि तो "जाता, जाता, इल्लें राव" म्हणत होता. पुढच्या आठवड्यात दोघंही आरओ खोलीत. आमचे टेक्निशियन हे ऐकून पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

विभागात सगळ्यांना बसवून बोलले. एका सिस्टरने विचारलं, उद्या यांची ओपीडी सुरू झाली तर आमचं काय? मी म्हटलं, त्या मुलीने केलेला कोर्स तुम्हालाही करता येतो, आणि कुणी जायचं ठरवलं तर रजेसाठी मी सरांशी भांडेन. दोघींनी नंतर माहिती विचारली.

पुढच्या जूनची ओपीडी सरांनी पुढे ढकलली आहे. आमच्या दोन सह्या झाल्या की सुरू, नाही झाल्या तर नाही. मॅनेजमेंटला हे ते स्वतः सांगणार आहेत.

आता काणकोण, केपें, सांगे बाजूच्या लोकांकडून एक मदत हवी. दर भेटीत विचारायच्या खाण्यापिण्याची यादी आम्ही कोंकणीत करतोय, घरातली बाई ज्या नावाने ओळखते त्या नावांनी. आतापर्यंत करमलं, शहाळ्याचं पाणी, केळी, खारं सुकं मासळं, आणि जास्त बिंबल्या (एक आंबट फळ) घातलेली आमटी किंवा बिंबलीचा रस आलाय, कारण त्यातल्या ऑक्झलेटने चांगली किडनीसुद्धा बिघडू शकते. गावठी काढे आणि मुळ्या यांची नावं आम्हाला कमी माहीत आहेत. लघवी साफ व्हावी म्हणून, मुतखड्यासाठी, काविळीसाठी तुमच्या गावात काय देतात, ते तिथल्या नावासकट लिहा. कुणाला दोष द्यायचा नाही. रुग्ण आमच्यापुढे ते नाव घ्यायला लाजू नये, म्हणून ते आधी आमच्या यादीत हवं.